सरासरी हाताचं रिव्हॉल्व्हर

चौदा ऑक्टोबरला, मंगळवारी, बिटरवेल काउंटीने एक रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. योग्य कॅलिबरचं, योग्य फ्रेमचं. ते प्राणी अधिकारी श्रीमती ऑर्लीन क्विस्ट यांच्या ताब्यात देण्यात आलं, श्रीमती क्विस्ट यांनी समाधान व्यक्त केलं, उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय कायमचा निकाली निघाला. काउंटीच्या इतिवृत्तात हे सगळं सहीशिक्क्यानिशी नोंदलेलं आहे.

यातलं काहीही घडलेलं नाही.

म्हणून कोणी खोटेपणा केला असंही नाही. बिटरवेल काउंटीत बैठकीचं इतिवृत्त आदल्या दिवशी टाइप करून ठेवायची पद्धत आहे. काउंटीची कारकून गेल ओव्हरबी सत्तावीस वर्षं हेच करत आली. तिचं म्हणणं, पाच पुरुष एका टेबलाभोवती बसले की शेवटी काय होणार हे आदल्या दिवशीच ठाऊक असतं. मग उगाच ताटकळायचं कशाला? सत्तावीस वर्षांत तिचा अंदाज एकदाच चुकला, आणि नेमका तेव्हा विषय बंदुकीचा होता.

काउंटी मोंटानाच्या पूर्व भागात आहे. माणसं चौदाशे, बंदुका अंदाजे नऊ हजार. अंदाजे म्हणायचं कारण, मोजायला गेलेल्या माणसाला कोणी दार उघडलं नाही. या नऊ हजारांतली एकही काउंटीच्या मालकीची नव्हती, आणि तशी गरजही कोणाला भासली नव्हती. समुद्रकाठच्या गावाने कचेरीत मिठाचा साठा ठेवावा, तसंच ते दिसलं असतं.

काउंटीतून एक महामार्ग जातो आणि तो हरणांना ओलांडावा लागतो. पिकअप ट्रकची धडक बसलेली बहुतेक हरणं जागच्या जागी मरतात आणि प्रशासनाला तोशीस देत नाहीत. काही मात्र सहकार्य करत नाहीत. कंबर मोडलेली, डोळे उघडे, अशी ती रस्त्याकडेच्या चरात पडून राहतात. त्यांना सोडवणं हे प्राणी अधिकाऱ्याचं काम. पूर्वी शेरीफचे डेप्युटी जाता-येता ते उरकून टाकत. मग शेरीफ कार्यालयाने पत्रक काढलं की कार्यालयाच्या गोळ्या माणसांसाठी राखीव आहेत. जनावरांसाठी त्या अपवाद म्हणून मिळतील, आणि प्रत्येक अपवादाला डेप्युटी साठ मैलांवरून निघेल.

फेब्रुवारीत अशाच एका अपवादाची वाट बघत ऑर्लीन एका हरिणीजवळ दोन तास चाळीस मिनिटं बसली. ऑर्लीन सत्तावन्न वर्षांची, अंगाने बेताची, हात तर शाळकरी मुलीएवढे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि दुपारचा डबा ती गाडीतच एकटी खायची. तिने हरिणीच्या अंगावर आपला कोट टाकला. त्याहून उपयोगाचं तिच्याजवळ काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने काउंटीला एका ओळीचा अर्ज केला: जखमी जनावरांसाठी एक रिव्हॉल्व्हर मिळावं.

"कुठलं?" गेलने विचारलं.

"काय कुठलं?"

"कॅलिबर किती, फ्रेम केवढी? नळीच्या भोकाचं माप हवं आणि सांगाडा लहान, मध्यम की मोठा ते हवं."

"गेल, हरीण दोन हातांवर पडलेलं असतं. ते पळत नसतं, अंगावर येत नसतं. जे असेल ते दे."

"'जे असेल ते' असा रकाना नाही गं फॉर्मवर."

"मग घरी नवऱ्याची पाच पडलीयेत, त्यातलं एक आणते."

"आण की. विम्याचा कागद वाचलायस ना? कामावर खासगी हत्यार वापरलं की त्याच दिवशी नोकरी खलास."

"आणि कामाची वेळ संपल्यावर?"

"मग तू अधिकारी नाहीस. हायवेच्या कडेला गोळीबार करणारी एक बाई आहेस. त्याला वेगळं कलम आहे. थांब, प्रत काढून देते."

गेलने खरंच प्रत काढून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्लीन ती घेऊन डेल स्टोकरच्या दुकानात गेली.

डेलचं बंदुकांचं दुकान सकाळी सातला उघडतं आणि पहिलं गिऱ्हाईक दहाच्या आत येत नाही. मधले तीन तास गावातले जाणकार काउंटरपुढच्या स्टुलांवर बसून फुकटची कॉफी पितात आणि कोणी काय घ्यायला हवं होतं ते ठरवतात. त्यांत ओटिस ग्रेंजर हा चव्वेचाळीस कॅलिबरवाला आणि लायल हॉव्हलँड हा तीनशे सत्तावन्नवाला. वाद एकोणीस वर्षांचा. एवढ्या काळात दोघांचा एकेक गुडघा बदलून झाला; मतं अजून मूळचीच आहेत.

"तुझ्यासाठीच हवंय ना?" डेलने ऑर्लीनच्या हातांकडे बघून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता एक लहानसं रिव्हॉल्व्हर काढलं. नळी बोटाएवढी, मूठ जांभळी. "बायका हेच नेतात. हातात घेऊन बघ, सँडविचपेक्षा हलकं आहे."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत ऑर्लीनने चाप ओढला. गोळी कुठे गेली ते कोणाला कळलं नाही. रिव्हॉल्व्हर कुठे गेलं ते मात्र स्पष्ट होतं. त्याची खूण तिच्या कपाळावर उमटली होती.

"बघितलंस?" डेल कौतुकाने म्हणाला. "पर्समध्ये टाकलं तर आहे असं जाणवणारसुद्धा नाही."

"अरे, हलकं आहे म्हणूनच ते एवढं उसळतंय. जड दे एखादं. झटका बंदुकीने खाऊ दे, माझ्या मनगटाने कशाला?"

"जड बंदुका पुरुषांच्या, ऑर्लीन," ओटिस समजुतीच्या सुरात म्हणाला. "पुरुषांना झटका सोसतो."

"म्हणजे ज्याला सोसतो त्याला कमी झटक्याची, आणि जिला सोसत नाही तिला जास्त झटक्याची?"

"हां, आता कळलं तुला!" ओटिसने तिचं अभिनंदन केलं.

ऑर्लीनने कपाळाला थंड पाण्याची बाटली लावली आणि लायलकडे मोर्चा वळवला. "लायल, तुझ्या तीनशे सत्तावन्नमध्ये अडतीसची गोळी चालते ना?"

"चालते म्हणजे! सौम्य हवी तर अडतीस, कडक हवी तर तीनशे सत्तावन्न. एका बंदुकीत दोन्ही."

"मग मध्यम फ्रेमची तीनशे सत्तावन्न घेऊ या. झालं."

प्रेतयात्रेत कोणी शिट्टी वाजवावी तसे सगळे तिच्याकडे बघू लागले.

"झालं म्हणजे?" लायल दुखावला. निकाल त्याच्या बाजूने लागला होता, तरीही. "अगं, आत्ता कुठे सव्वासात वाजलेत!"

तिसऱ्या स्टुलावर वेंडेल प्रूट बसला होता. तो काउंटी आयोगाचा अध्यक्ष, आणि निर्णय होताना दिसला की तो कधीच गप्प राहत नसे. "ऑर्लीन, हे तुझं हत्यार नाही," तो म्हणाला. "हे लोकांचं हत्यार आहे. लोकांना विचारायला नको?"

लोकांना विचारण्यात आलं. जाहीर सुनावणीला तीनशे बारा माणसं आली. आदल्या वर्षी शाळेच्या गळक्या छपरावर सुनावणी ठेवली होती. तिला दोघं आली होती आणि त्यातला एक हीटरजवळ बसायला आला होता. या वेळी प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं होती. एकाने ती आपल्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचं वर्णन करण्यात घालवली, आणि एका बाईंनी त्याच आजोबांचं वर्णन करण्यात. पाद्रीबाबांनी अडतीसचा पुरस्कार केला. तीत करुणा आहे असं ते म्हणाले. हरणाचा उल्लेख रात्री नऊपर्यंत एकदाच झाला आणि अध्यक्षांनी वक्त्याला विषयाला धरून बोलण्याची सूचना केली.

सुनावणीतून रिव्हॉल्व्हर निवड समिती निघाली आणि समितीने शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. फ्रेम म्हणजे बंदुकीचा सांगाडा. तो हातात नीट बसला पाहिजे. म्हणून आधी हाताचं माप. ऑर्लीनला कागदावर पंजा ठेवायला सांगून पेन्सिलीने आराखडा काढण्यात आला.

"हा फार लहान आहे," समितीने नोंदवलं.

"तो माझा आहे," ऑर्लीन म्हणाली.

"मॅडम, तोच तर प्रश्न आहे," वेंडेल म्हणाला. समितीच्या खुर्चीत बसला की तो तिला मॅडम म्हणायचा. "बंदूक पदाला मिळणार आहे, व्यक्तीला नाही. उद्या तुम्ही निवृत्त झालात तर? हात पदाचा मोजायला हवा."

या पदावर आजवर दोनच माणसं होऊन गेली होती. ऑर्लीनच्या आधी बिग व्हर्न होता. तो आठ वर्षांपूर्वी वारला, पण त्याच्या बायकोने त्याचा हातमोजा जपून ठेवला होता. मोज्यात भुसा भरून माप घेण्यात आलं. तो पंजा खोऱ्याएवढा भरला. मग दोन्ही मापं मिळवून दोनाने भागली आणि शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांनी त्या मापाचा एक पुठ्ठ्याचा हात कापून दिला. या हाताची बोटं बिग व्हर्नसाठी आखूड होती आणि ऑर्लीनसाठी लांब. पृथ्वीतलावर तो कोणाचाच नव्हता, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा आक्षेपही आला नाही. पुढच्या प्रत्येक बैठकीत तो टेबलावर मध्यभागी ठेवला जाई आणि प्रत्येक फ्रेम त्याच्यावर लावून बघितली जाई. मतदानाच्या वेळी वेंडेल तो कधी कधी वर करत असे.

ऑर्लीनला प्रत्येक बैठकीला हजर राहणं बंधनकारक होतं, आणि समितीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणजे अभ्यास आला. तो करायला ती सकाळी डेलच्या दुकानात बसू लागली. सुरुवातीला नाइलाजाने. एप्रिलमध्ये तिने ओटिसला वजन आणि झटक्याचं गणित कागदावर मांडून दाखवलं, आणि ओटिस पहिल्यांदाच म्हणाला, "हं." मेमध्ये लायलने तिच्यासाठी स्टूल सरकवलं. जूनमध्ये डेलने भिंतीवरच्या खुंट्यांवर तिच्या नावाचा मग टांगला. गाडीत एकटीने डबा खाणं बंद झालं. जुलैत एका परगावच्या गिऱ्हाइकाने मोठ्या फ्रेमची अडतीस मागितली, तेव्हा सगळ्यांत आधी जी हसली ती ऑर्लीन होती.

दरम्यान महामार्गावर नऊ हरणं चरात पडली. डेप्युटी येईपर्यंत ती त्यांच्याजवळ बसायची, घड्याळात बघून नोंद करायची, आणि पुढे पुढे त्या वेळात समितीचं टिपण वाचायची.

ऑगस्टमध्ये समितीने चव्वेचाळीसची, मोठ्या फ्रेमची शिफारस केली. ओटिसच्या गटाने त्या दिवशी डोनट आणले होते, याचा निर्णयाशी संबंध नसल्याचं समितीने तीन वेळा स्पष्ट केलं. डेलने माल पाठवला. गेलने तो नियमाप्रमाणे तपासून घेतला, म्हणजे सोबतच्या काडतुसाची गोळी मापकात धरली आणि लगेच डेलला फोन लावला.

"डेल, मी चव्वेचाळीस मागवली होती. म्हणजे इंचाचे चव्वेचाळीस शतांश, चारशे चाळीस सहस्रांश. ही चारशे एकोणतीस भरतेय."

"बरोबर आहे. चव्वेचाळीस म्हणजे चारशे एकोणतीसच."

"अकरा सहस्रांश कुठे गेले?"

"ते कधी नव्हतेच गं! शंभर-दीडशे वर्षं असंच चाललंय. नाव चव्वेचाळीस, माप चारशे एकोणतीस. सगळ्या जगाला माहीत आहे."

"मी तुझ्याकडून डझनभर अंडी घेतली आणि आत अकरा निघाली तर?"

"तर त्या गावात अकराला डझन म्हणतात असं समजायचं."

"मी या गावची कारकून आहे," असं म्हणून गेलने अकरा सहस्रांश इंचाच्या तुटीचा अहवाल केला आणि माल परत पाठवला. चव्वेचाळीस घेऊन उभं आयुष्य काढलेल्या ओटिसला ही बातमी दुकानात समजली. त्याने घरून स्वतःची आणली, डेलकडून गोळी मोजून घेतली आणि उरलेला आठवडा तो कॉफीला आला नाही.

सप्टेंबरमध्ये अडतीस मागवली. ती तीनशे ऐंशीऐवजी तीनशे सत्तावन्न सहस्रांश भरली. तूट तेवीस. करुणेमुळे कमी झाली असेल असं पाद्रीबाबा म्हणाले, पण गेलने तीही परत पाठवली.

आता तीनशे सत्तावन्न राहिली. ही मागवली आणि मोजली तर ती बरोबर तीनशे सत्तावन्न भरली. अख्ख्या बंदुकीच्या धंद्यात नावाला जागणारी एवढी एकच वस्तू सापडल्याने गेलचे डोळे पाणावले. मध्यम फ्रेम पुठ्ठ्याच्या हातावर चपखल बसली. योगायोगाने ती ऑर्लीनच्या हातातही बसत होती, पण ते कोणी नोंदवलं नाही. चौदा ऑक्टोबरला मंजुरी, केक, फोटो. गेलने तेरा तारखेला निर्धास्तपणे इतिवृत्त टाइप केलं, त्याच संध्याकाळी वेंडेलची सही घेतली आणि प्रती सगळ्या खात्यांना रवाना केल्या.

आणि चौदा तारखेला, केक कापायच्या आधी, तिनेच हात वर केला.

"अध्यक्षमहाराज, एक शंका. ही गोळी तीनशे सत्तावन्न सहस्रांश. आणि परत पाठवलेली अडतीसही तीनशे सत्तावन्न सहस्रांश. मग दोन्हींचं माप एकच झालं."

"झालं," वेंडेल सावधपणे म्हणाला.

"खरेदी नियमावली, कलम नऊ. एकाच मापाच्या दोन वस्तू उपलब्ध असतील तर त्यातली स्वस्त घ्यावी. स्वस्त अडतीस आहे."

"मग अडतीस घेऊ."

"ती घेता येत नाही. ती मापात कमी भरली म्हणून परत गेली."

"कशापेक्षा कमी?"

"स्वतःपेक्षा."

वेंडेलने सुरी खाली ठेवली. "गेल, हे तू आजच का बोललीस?"

"काल मी टाइप करत होते," गेल म्हणाली. "बोलायची वेळ आजची होती."

बैठक तहकूब झाली. केक मात्र कापला गेला. त्याची मंजुरी वेगळी होती.

इतिवृत्त चुकलं होतं आणि ते दुरुस्त करायला बैठक लागते, बैठकीला गणपूर्ती लागते. पण अकरा दिवसांनी शिकारीचा हंगाम सुरू होत होता आणि काउंटी आयोगाचे पाचही सदस्य हरणं मारायला डोंगरात जाणार होते. पुढची बैठक डिसेंबरात ठरली. तोवर दप्तरी सत्य असं होतं की ऑर्लीनकडे रिव्हॉल्व्हर आहे. तिला त्याच्या देखभालीची नोंदवही मिळाली, ते वापरण्याआधी आवाज द्यावा अशी सूचना मिळाली, आणि शेरीफ कार्यालयाचं पत्र मिळालं: आपली सोय झाल्याबद्दल अभिनंदन, यापुढे डेप्युटी पाठवला जाणार नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बोलावणं आलं आणि दुपारी पावणेचारला ऑर्लीन एक्केचाळिसाव्या मैलावर पोचली. तरुण हरिणी होती. मागचे दोन्ही पाय निकामी. पुढच्या पायांवर ती उठायची, पडायची, पुन्हा उठायची. ऑर्लीनने शेरीफ कार्यालयात फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे आहे की. इथे लिहिलंय." ती काही बोलायच्या आत त्याने शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

तेवढ्यात डोंगरावरून परतणारे ट्रक थांबले. ओटिस, लायल, डेल, आणखी तिघं. दिवसभर हिंडून कोणाला एक हरीण दिसलं नव्हतं. सगळ्यांकडे रायफली होत्या, पण रायफलींवर काउंटीत वाद नाही, त्यामुळे त्या कोणाच्या मनात आल्या नाहीत. सगळ्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हरंही होती. आणि शिकाऱ्याने हायवेच्या कडेला गोळी झाडायची नाही हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. तशी परवानगी तिथे एकटीलाच होती, आणि तिच्याकडे हत्यार तेवढं नव्हतं.

हरिणी पुन्हा उठली आणि पडली. तिचा आवाज ऐकून ओटिसने टोपी काढली.

"द्या इकडे एक," ऑर्लीन म्हणाली.

"अगं, पण ते खासगी..." डेल म्हणाला. "नोकरी जाईल तुझी. पेन्शनला चौदा महिने राहिलेत."

"जाऊ दे गेली तर. गेलला मी सांगेन. ओटिस, दे."

ओटिसने आपली चव्वेचाळीस तिच्या हातात ठेवली. आठ महिन्यांनंतर प्रथमच तिच्या हातात भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं आणि दोन हातांवर हरीण होतं. तिने मूठ आवळली, हात लांब केला, घोडा मागे ओढला. मग घोडा हलकेच खाली सोडला.

"फ्रेम जरा मोठी आहे," ती म्हणाली.

"मी काय सांगत होतो!" लायल पुढे झाला. "ही घे. मध्यम."

तिने ती घेतली, हातात तोलून बघितली. "फ्रेम छान आहे. पण मूठ तू बदललीयेस. लाकडाची का बसवलीस? रबरी हवी होती, झटका तळव्यात उतरतो."

"लाकडी मूठ घामाला बरी."

"नोव्हेंबरात कसला आलाय घाम!"

"ऑर्लीन, माझं बघ," डेल म्हणाला. "अडतीस आहे, पण चार इंची नळी."

"चार इंची? आण बरं."

कोणीतरी ट्रकची मागची फळी पाडली. सहा रिव्हॉल्व्हरं ओळीने मांडली गेली. ऑर्लीन एकेक उचलत होती, वजन सांगत होती, आणि गंमत म्हणजे तिचं प्रत्येक वजन बरोबर येत होतं. ओटिसने थर्मासमधली कॉफी ओतली. हरिणीला सौम्य गोळी बरी की कडक, यावर लायलने एक नवा मुद्दा मांडला, आणि तो खरोखरच नवा होता, एकोणीस वर्षांत कोणाला सुचला नव्हता. गावात पुढे कित्येक आठवडे त्या मुद्द्याची चर्चा चालली.

शेवटी निवड झाली. एकमताने झाली, जे या काउंटीत कधी घडलं नव्हतं. मध्यम फ्रेम, तीनशे सत्तावन्न, आत अडतीसची गोळी, रबरी मूठ. मागून येऊन थांबलेल्या सातव्या ट्रकमधून उतरलेल्या माणसाकडे नेमकं तसंच होतं. ऑर्लीनने ते हातात घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ती चराकडे वळली. हरिणी स्थिर होती. डोळे उघडे होते, पण त्यांत आता धूळ बसत होती. ऑर्लीनने गुडघे टेकून तिच्या मानेवर हात ठेवला. मान थंड होती. ती नेमकी कधी गेली हे आठांपैकी कोणालाही सांगता आलं नाही.

ऑर्लीनने अंगातला कोट काढून हरिणीवर टाकला. लायल काहीतरी बोलणार होता, पण ओटिसने त्याच्या दंडाला धरलं.

सोमवारी तिने अहवाल दिला. त्यात तिने काही लपवलं नाही. पोचण्याची वेळ पावणेचार, मृत्यूची वेळ साडेचार किंवा त्याआधी, मृत्यूचं कारण चर्चा. 'वापरलेलं कॅलिबर' या रकान्यात तिने 'सर्व' असं लिहिलं. गोळी झाडली गेली नसल्यामुळे विम्याचं कलम लागू झालं नाही आणि नोकरी टिकली. तिनेच ती सोडली. गेलने राजीनामा दोनदा वाचला, कारण विचारलं नाही आणि पहिल्यांदाच इतिवृत्तात जे घडलं ते घडल्यानंतर टाइप केलं.

पद रिकामं झालं म्हणून काउंटीच्या साप्ताहिकात जाहिरात आली, आणि ती अजून दर आठवड्याला येते. ती अशी:

'बिटरवेल काउंटीस प्राणी अधिकारी नेमणे आहे. शिक्षणाची अट नाही. हातांच्या मापाची अट नाही. हत्यार काउंटी पुरवील. अट एकच: अर्जदाराला रिव्हॉल्व्हरच्या कॅलिबर व फ्रेमविषयी कसलेही मत नसावे. श्रीमती क्विस्ट यांचा अहवाल सोबत छापला आहे. तो प्रथम संपूर्ण वाचावा. पावणेचार ते साडेचार या वेळेतील मजकूर वाचताना, जनावर जिवंत असताना, ज्यांनी मनातल्या मनात फळीवरील सहापैकी एखादे रिव्हॉल्व्हर पसंत केले असेल, किंवा लायल हॉव्हलँड यांचा नवा मुद्दा नेमका कोणता होता हे जाणून घेण्याची ज्यांना इच्छा झाली असेल, त्यांनी कृपया अर्ज करू नये. अद्याप अर्ज आलेला नाही. मुदत पात्र व्यक्ती मिळेपर्यंत वाढवण्यात येत आहे. तोवर हरणांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.'